डबा, चाळण आणि फॉइल : घरच्या वाय-फायबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाय-फायबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेकांनी मोबाईलवर घरगुती अँटेनाचा एखादा व्हिडिओ पाहिलाय आणि विचारलंय, हे खरंच चालतं का? चालतं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांकडून मी हे वर्षानुवर्षं करून घेतलंय. पण चिऱ्याचं घर, कलमांची बाग आणि खारा वारा यांचा हिशेब व्हिडिओत नसतो. तो आज मांडते.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. आमचं घर गुहागरजवळ, जुनं, चिऱ्याचं. राउटर माजघरात टीव्हीच्या मागं आहे. मी पडवीत अभ्यासाला बसतो, तिथं रेंजची एकच काडी दिसते आणि क्लास सुरू असताना तीही जाते. फॉइलची अँटेना केली तर उपयोग होईल का? बाबा नवा राउटर घ्यायला तयार नाहीत.
– एक विद्यार्थी, गुहागर तालुका

उत्तर : बाबांचं बरोबर आहे, नवा राउटर लागेलच असं नाही. फॉइल आणण्याआधी राउटर टीव्हीच्या मागून काढ. टीव्ही, लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याचा पिंप यांच्या आड ठेवलेला राउटर अर्धा बांधून घातल्यासारखाच. माजघराचं दार जिथून पडवीच्या रेषेत दिसतं तिथं डोक्याच्या उंचीवर फळी ठोक आणि त्यावर ठेव. उघड्या दारातून लहर सहज जाते, भिंतीतून जाताना मरते. जुन्या घराची भिंत फूटभराहून जाड, त्यात चिरा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी ही लहर शोषून घेतं. जुलैत पडवीतली रेंज मे महिन्यापेक्षा कमी वाटत असेल तर तो भास नाही.

दुसरं, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या त्याच्या दोन पट्ट्यांना (बँडना) वेगवेगळी नावं दे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीत लवकर दमतं. पडवीत २.४ ला जोड. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेव, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. शेजारी ६ वर असेल तर तू १ किंवा ११ घे.

आता मोजायला लाग. काड्यांवर विसंबू नकोस. फोनवर वाय-फायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं एखादं मोफत ॲप घे. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० ला क्लास बिनघोर चालतो, उणे ७० ला कुरकुरतो, उणे ८० च्या पलीकडे सोडून दे. दाराच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडचा आकडा वहीत लिही. भिंत किती खाते ते तुझं तुलाच कळेल.

यानंतर फॉइल. राउटरची उभी काडी चहूबाजूंना सारखी लहर फेकते. तुला मागच्या न्हाणीघराकडे ती नकोच आहे. बॅटरीच्या दिव्यामागं जसा वाटोळा आरसा असतो आणि सगळा उजेड समोर येतो, तसा काडीमागं फॉइलचा आरसा उभा करायचा. लहरीची ताकद वाढत नाही, तिचं तोंड वळतं. समोर जे मिळालं ते मागून काढून घेतलेलं असतं, एवढं ध्यानात ठेव. म्हणजे मागच्या खोलीत आईचा फोन अडला तर का अडला हे तुला सांगता येईल.

आकार पॅराबोलाचा हवा, आणि अकरावीला तो तुम्ही शिकलाच आहात. चौकटीच्या कागदावर मधली उभी रेघ काढ, तिच्या तळाशी आडवी रेघ, आणि दोन्ही मिळतात तिथं पहिलं टिंब. उभ्या रेघेपासून दोन्ही बाजूंना २ सेंटीमीटरवर, आडव्या रेघेच्या ०.२ सेंटीमीटर वर टिंब दे, ४ वर ०.८, ६ वर १.८, ८ वर ३.२ आणि १० वर बरोबर ५ सेंटीमीटर. टिंबं जोडलीस की २० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल अशी कमान मिळते. तिचा नाभी, म्हणजे समोरून आलेली लहर जिथं एकवटते तो बिंदू, तळापासून ५ सेंटीमीटरवर, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या रेषेवरच येतो. याच आकाराचे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे काप, एक खाली, एक वर. पाठीसाठी पातळ पुठ्ठा २३ सेंटीमीटर रुंद घे, कारण कमानीची लांबी तेवढी भरते. उंची काडीपेक्षा थोडी जास्त, २५ सेंटीमीटर पुरे. त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉइल खळीनं चिकटव आणि वरखालच्या दोन पुठ्ठ्यांत वाकवून बसव. दोन्ही पुठ्ठ्यांना नाभीच्या जागी, म्हणजे सरळ कडेच्या मध्यावर, खाच पाडून काडी तिच्यात बसव. फॉइलला सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नकोस. २.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वाबारा सेंटीमीटर लांब असते, मिलिमीटरभर चढउतार तिला जाणवतही नाही.

राउटरला दोन काड्या असतील तर दोन आरसे कर. जागा कमी पडली तर दोन्ही कडा २-२ सेंटीमीटर छाट, नाभी तोच राहतो. माडीवर रेंज हवी असेल तर काडी आडवी करून बघ, कारण उभी काडी टोकाच्या दिशेनं फारसं काही फेकत नाही.

नीट जमलं तर ५-६ डीबी मिळतात. ६ डीबी म्हणजे समोरच्या दिशेला चौपट ताकद. आणि हे एकतर्फी नाही. तुझ्या फोनची बारीक हाकही तोच आरसा गोळा करून राउटरला ऐकवतो. ताकद वाढवणाऱ्या यंत्रापेक्षा मला अँटेना नेहमी जवळची वाटते ती एवढ्याचसाठी. यंत्र नुसतं मोठ्यानं बोलतं, अँटेनाला ऐकूही येतं.

हे जुगाड आहे असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, १८८८ साली हाइनरिश हर्ट्झनं जस्ताच्या पत्र्याला हाच आकार देऊन, त्याच्या नाभीत काडी उभी करून रेडिओलहरी आरशासारख्या वळतात हे दाखवून दिलं होतं. त्याचे आरसे दोन मीटर उंच होते, कारण त्याची लहर लांब होती. तुझं काम पुठ्ठ्यात होतंय.

प्रश्न : राउटरची अँटेना काढून १५ मीटर टीव्हीची केबल लावली आणि अँटेना गच्चीवर नेली तर?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : नको. या लहरी केबलमध्येच संपतात. बाजारात सहज मिळणारी बारीक काळी आरजी-५८ केबल मीटरला सुमारे १ डीबी खाते, म्हणजे १० मीटरनंतर दहावा हिस्सा उरतो. टीव्हीची केबल कमी खाते, पण ती ७५ ओहमची, राउटर ५० ओहमचा, दोघांचा मेळ बसत नाही, आणि मध्ये जोडावर जोड बसवून जे मिळवायचं ते तिथंच जातं. लांब न्यायचं ते नेटवर्कची केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत काही न गमावता चालते. वर एक साधा दुसरा राउटर ठेवा.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. घरापासून मांगर साधारण २०० मीटर. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरलेल्या असतात, रात्री राखणीला माणूस असतो, तरी कॅमेरा लावायचा आहे. पुतण्या म्हणतो, आमरसाच्या डब्याची अँटेना करू. कितपत खरं?
– एक बागायतदार

उत्तर : पुतण्याला शाबासकी द्या, पण आमरसाचा डबा नको. ८५० ग्रॅमचा डबा साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच असतो. या कामाला तो रुंदीला जास्त आणि लांबीला कमी पडतो. डबा इथं नळी म्हणून काम करतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर आत शिरायला त्याचा आतला व्यास किमान ७.३ सेंटीमीटर हवा, आणि ९.३ च्या वर गेला की लहर आत दुसऱ्या तऱ्हेनंही धावायला लागते आणि समोरचा झोत बिघडतो. दुकानात पट्टी नेऊन डबा मोजा, किंवा सरळ पत्र्याचं काम करणाऱ्याकडून नळी वळवून घ्या. मी दुसरं सुचवीन, मापं हातात राहतात.

९ सेंटीमीटर व्यास धरा. त्याला २८.३ सेंटीमीटर पत्रा लागतो, वर सांध्याला १ सेंटीमीटर. लांबी १६ सेंटीमीटर. एक तोंड पत्र्यानं पूर्ण बंद, डाग देऊन. बंद तोंडापासून ५.१ सेंटीमीटरवर भोक पाडून तिथं एन कनेक्टर (अँटेनाच्या केबलचा आट्यांचा जोड) बसवायचा, आणि त्याच्या मधल्या पिनवर तांब्याची जाड तार डाग देऊन उभी करायची. पिनसकट तार नळीच्या आत ३.१ सेंटीमीटर उभी राहिली पाहिजे. तो लहरीचा पाव भाग. तीन मिलिमीटर चुकलं तरी फरक पडतो, म्हणून डाग थंड झाल्यावर पुन्हा मोजा आणि जास्तीची कातरा. व्यास बदलला तर ५.१ चं मापही बदलतं. ८.३ सेंटीमीटरच्या डब्याला ते ६.२ होतं आणि डबा १९ सेंटीमीटर लांब लागतो. व्हिडिओंत एकच माप सगळ्या डब्यांना सांगतात, तिथंच लोकांचे डबे फसतात.

राउटरच्या काड्या फिरवून निघतात का तेही बघा, स्वस्त राउटरच्या बहुधा निघत नाहीत. निघत असतील तर जोडतार आरपी-एसएमए (राउटरच्या काडीला असतो तसा आट्यांचा जोड) मागा. नुसती एसएमए दिली तर आटे बसतात, पण आतला जोड नीट लागत नाही आणि माणूस दिवसभर दिशा शोधत बसतो. दोन्ही टोकांच्या डब्यांतली तार उभी ठेवा. एक उभी, एक आडवी झाली तर एकमेकांचं ऐकू येत नाही.

असा एक डबा ६ ते ८ डीबी देतो. घराला एक, मांगराला एक, मध्ये मोकळं असेल तर २०० मीटर म्हणजे काहीच नाही. अडचण तुमच्या कलमांची आहे. हापूसचं पान जाड, रसाळ, आणि झाड बारमाही भरलेलं. मध्ये १०० मीटरची दाट बाग असेल तर २०-२५ डीबी सहज जातात, दोन्ही डब्यांनी मिळवलेल्यापेक्षा जास्त. पानं ओली असली की आणखी. पावसाच्या थेंबांनी या लहरींचं जवळजवळ काही बिघडत नाही, बिघडतं ते भिजलेल्या पानांनी. नुसती सरळ रेघ मोकळी असूनही भागत नाही. २०० मीटरच्या मध्यावर त्या रेघेभोवती निदान दीड मीटर सगळीकडून मोकळं लागतं. म्हणून एक दिवस मांगराच्या कौलांवर चढून बघा, घराची गच्ची पानांआडून न डोकावता स्वच्छ दिसते का. दिसत असेल तर डबे करा. कायद्यानं २.४ गिगाहर्ट्झला २००५ पासून परवाना लागत नाही, फक्त अँटेना छपरापासून ५ मीटरच्या आत ठेवायची आणि अँटेनाची वाढ धरून समोर जाणारी ताकद ४ वॉटच्या आत.

दिसत नसेल तर अँटेनाचा हट्ट सोडा आणि फायबर टाका. गडग्याच्या कडेनं पीव्हीसी पाईप पुरून त्यातून घ्या, नाहीतर माकडं केबलला झोके घेतील. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल यांना जोडणारी डबी), पुढं साधी नेटवर्क केबल. मांगरापर्यंत तांब्याची तार ओढू नका. एक तर २०० मीटरला ती पुरत नाही, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात जवळ कुठं वीज पडली तर ती तारेवरून घरात येते. फायबर काचेचं, ते वीज वाहून आणत नाही. हंगामाच्या पेट्यांची काळजी आहे, तर इथं थोडा जास्त खर्च झालेला मला मान्य आहे.

प्रश्न : पिठाच्या चाळणीत वाय-फायचं डोंगल (यूएसबीला लावायचं बोटभर यंत्र) बसवून अँटेना होते म्हणतात. आमच्याकडे जुनी डीटीएचची डिश पण पडून आहे. कुठलं घेऊ?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : चाळणीपासून सुरुवात करा. न्यूझीलंडमध्ये स्टॅन स्वॉन यांनी स्वयंपाकघरातल्या झाऱ्या-चाळण्या वापरून हा प्रकार लोकांपर्यंत नेला. चाळण स्टीलच्या जाळीची हवी, प्लास्टिकची नको. जाळीतून उजेड दिसतो म्हणून लहरही निसटेल असं वाटतं, पण भोक एक सेंटीमीटरहून लहान असेपर्यंत सव्वाबारा सेंटीमीटरच्या लहरीला ती सलग भिंतच. डोंगल मध्यावर धरून पुढंमागं सरकवत आकडा बघा, जिथं सगळ्यात चांगला येतो तिथं बांधा. यूएसबीची तार ५ मीटरपेक्षा लांब नको. तेवढी तार चालते, कारण तीतून जातो तो डेटा, लहर डोंगलपाशीच तयार होते. वर हर्णैच्या वाचकाला जे नाही म्हटलं त्याची ही सोपी वाट.

डिशचं मोठं काम. ती सरळ उभी दिसते तेव्हा प्रत्यक्षात वीसेक अंश वर आकाशात बघत असते, कारण तिचा नाभी खालच्या बाजूला सरकवलेला असतो. समोरच्या वाडीकडे बघायचं तर तिचं तोंड जमिनीकडे झुकलेलं दिसलं पाहिजे. आणि ६० सेंटीमीटरची डिश २० डीबी देऊ शकते, म्हणजे शंभरपट. १०० मिलिवॉटचा राउटर तिच्यावर बसवला तर हिशेबानं १० वॉट होतात आणि मर्यादा ४ ची आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ताकद निम्म्याहून खाली आणा. ऐकण्याची शंभरपट तशीच राहते, आणि लांबच्या जोडणीत तीच कामाची.

प्रश्न : मालवणला आमचं होम-स्टे आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागच्या दिवाळीत गच्चीवर डबा अँटेना लावली, छान चालली. पावसाळा संपेपर्यंत रेंज निम्मी झाली. डबा बाहेरून ठीक दिसतो. काय बिघडलं?
– एक गृहिणी, मालवण

उत्तर : डबा नाही, केबल बघा. कनेक्टरजवळ केबल कापून वरचं काळं आवरण दोन इंच सोला. आत तांब्याची बारीक जाळी असते. ती नव्या नाण्यासारखी चकचकीत दिसली पाहिजे. तुमची काळी किंवा हिरवी झालेली असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. जाळी वातीसारखं पाणी ओढते, आणि आपल्याकडचं पाणी मिठाचं. ते आवरणाच्या आतून हातभर लांब चढतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. काळी झालेली तेवढी कापून टाका, स्वच्छ जाळी लागेपर्यंत. घासून, पुसून ती सुधारत नाही.

नव्यानं जोडताना कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, म्हणजे पाणी कौलांवरून उतरावं तसं उतरेल. त्यावर साधी काळी टेप, उन्हासाठी. केबल कनेक्टरमधून निघाल्यावर आधी खाली झुकवून मग वर न्या, पाणी त्या झोळातून ठिबकून जातं. भेगा बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर दुकानातच हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर घेऊ नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. वास नसलेलं न्यूट्रल मिळतं, तेच मागा.

डब्याचं तोंड प्लास्टिकच्या झाकणानं बंद ठेवा. कोरडं साधं प्लास्टिक लहरीला अडवत नाही, फक्त झाकणावर चकचकीत मुलामा नको. डबा पुढं किंचित झुकवा आणि सगळ्यात खालच्या जागी सुईएवढं भोक ठेवा. हवा दमट असली की आतही पाणी सुटतं, त्याला वाट हवी. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना चिकटवू नका, खाऱ्या हवेत त्या जोडीत ॲल्युमिनियम आधी झडतं. बाहेरून डब्याला तेलाचा रंग द्या आणि पावसाळा संपला की गोड्या पाण्यानं धुवा. आगोटीच्या आधी डबा उतरवून ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, तुमच्याकडे जून ते ऑगस्ट पाहुणेही कमीच असतात. ऑक्टोबरात विजांची चिन्हं दिसली की मात्र कडकडाट सुरू व्हायच्या आधीच राउटरची तार अँटेनापासून सोडवून ठेवा.

प्रश्न : आमच्या वाडीत मोबाईलची रेंजच नाही. ऑनलाइन दोन-तीन हजारांत बूस्टर मिळतो. घेऊ का? तुमच्या डब्यानं मोबाईलची रेंज वाढेल का?
– एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर : बूस्टर घेऊ नका. परवानगीवाचून मोबाईलचा रिपीटर (बूस्टर म्हणजे तोच) लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तसं असायला कारणही आहे. स्वस्त यंत्र तुमच्या हाकेबरोबर स्वतःचा गोंगाटही टॉवरवर पोचवतं, आणि त्या टॉवरवरच्या सगळ्या गावांचे फोन अडखळतात. बंदरात परतणाऱ्या बोटीचा किंवा बाळंतिणीसाठी गाडी बोलावणाऱ्याचा फोन त्यात असू शकतो.

डबा २.४ गिगाहर्ट्झच्या मापाचा, मोबाईलच्या टॉवरला तो लागू नाही. पण घरात फायबरचं इंटरनेट असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. बहुतेक नव्या फोनमध्ये ते आहे, वेगळं ॲप लागत नाही, समोरच्याला नेहमीच्याच नंबरावरून फोन जातो. मग वर गुहागरच्या मुलाला सांगितलेला फॉइलचा आरसा तुमच्या खळ्याच्या दिशेला करा, म्हणजे अंगणातूनही बोलता येईल. राउटर आणि फायबरचं छोटं यंत्र, दोन्हींना मिळून एक लहान बॅटरी बॅकअप मात्र घ्या. वीज गेली की हा फोनही जातो, आणि आपल्याकडे वादळात वीजच आधी जाते.